कथा टाइप करायला देण्याआधी
अक्षरजुळणी व मुद्रितशोधनासाठी येणाऱ्या कथालेखकांसाठी

ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हं, परिच्छेद आम्ही बघतो. खाली जे लिहिलंय ते मात्र लेखकानंच बघायचं असतं. दिवाळी अंकासाठी कथा पाठवणार असाल तर हे काम जूनमध्येच उरका. घाईत नेमकं हेच राहून जातं.

खर्डा संपला की पंधरा दिवस त्याच्याकडे बघू नका. ताज्या खर्ड्यात डोळा मनातलं वाचतो, कागदावरचं नाही. मग मोठ्यानं वाचा. ३,००० शब्दांच्या कथेला साधारण अर्धा तास लागतो. जीभ अडखळेल तिथं पेन्सिलनं खूण करून पुढं जा. तिथंच दुरुस्ती करत बसलात तर लय सुटते आणि पुढची पानं नीट ऐकूच येत नाहीत.

‘मी’ निवेदक असेल तर क्रियापदं एकदा स्वतंत्र तपासा. पुरुष लेखक बाईच्या तोंडून लिहितो तेव्हा मधेच कुठंतरी ‘मी म्हणालो’ येतं आणि वाचक तिथंच कथेबाहेर पडतो. कोल्हापूरकडच्या मुलीच्या तोंडी ‘मी येतो’ असेल तर ते बरोबरच आहे, पण समासात तसं लिहून द्या. नाहीतर आमचा मुद्रितशोधक ते ‘येते’ करून टाकील. कोण कोणाला अरे-तुरे करतं आणि कोण अहो-जाहो, याचंही टिपण सोबत जोडा. भांडणाच्या प्रसंगात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, तर ते मुद्दाम केलंय की नजरचुकीनं, हे आम्हाला ओळखता येत नाही.

संवादांवर सर्वांत जास्त वेळ द्या. खर्ड्यात बहुधा असं असतं:

“तुला काहीच कसं वाटत नाही?” ती चिडून म्हणाली.

चीड प्रश्नातच आहे, ती पुन्हा सांगायची गरज नाही. त्याऐवजी:

“तुला काहीच कसं वाटत नाही?” तिनं ताट पुढं सरकवलं.

आता ती चिडूनही वाढतेच आहे, म्हणजे नवं काहीतरी कळलं. पण दर वाक्यामागं अशी हालचाल घातली की तीही खोटी वाटते. दोघंच बोलत असतील तर चार-पाच वाक्यं नुसती जाऊ द्या. स्त्री-पुरुष बोलत असतील तर कोण बोलतंय हे ‘जातो-जाते’तूनही कळतं.

काळ जुना असेल तर पात्रांची जन्मसालं आणि घटनांची सालं एका कागदावर मांडा. १९८५ साली रत्नागिरीला रेल्वे नव्हती. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग १९९८ मध्ये खुला झाला. तेव्हा पात्राला एसटीनंच पाठवा. मुंबईत टीव्ही १९७२ च्या ऑक्टोबरात आला, म्हणून १९६८ च्या चाळीत रेडिओ हवा. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला. पन्नास सालच्या दुकानात आणेच मोजले जातील.

पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. काही अडलं नाही तर पहिला काढा.

हस्तलिखित एकाच बाजूला, एक ओळ सोडून, डावीकडं दीड इंच समास ठेवून लिहा आणि पानांना क्रमांक घाला. फाइल असेल तर युनिकोडमध्ये द्या. जुन्या फाँटमधली फाइल बदलून घेताना रफार आणि जोडाक्षरं बिघडतात, म्हणून तिच्यासोबत पीडीएफही हवी. मूळ प्रत स्वतःकडं ठेवा.