हुकूम, हमी, हप्ता : कोल्हापुरातून दिसणारं कल्याणकारी राज्य

नोकरदाराच्या पगारपत्रकात एक ओळ असते : व्यवसाय कर. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. रक्कम इतकी किरकोळ, की ती कशासाठी कापतात हे कोणी विचारतही नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या कारखान्यात पगार काढणाऱ्यालाच विचारा, 'सरकारचं असतंय ते' यापलीकडे उत्तर मिळायचं नाही. महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो खेड्यातल्या मजुराच्या हाताला काम देण्यासाठी. शहरातल्या पगारदारानं कधीही न भेटलेल्या माणसाच्या मजुरीतला वाटा उचलायचा. युरोपात जिला सामाजिक लोकशाही म्हणतात, तिचा गाभा यापेक्षा फार वेगळा नाही. पेन्शन, फुकट धान्य, 'रेवडी' यांवरून सध्या जी हमरीतुमरी चालते तिचं मूळ शोधायचं, तर या ओळीपाशी यावंच लागतं. पण आधी बरंच मागं जाऊ.

कल्याणकारी योजनांची पहिली मोठी बांधणी समाजवाद्यांनी केलीच नाही. ती केली त्यांच्या वैऱ्यानं. जर्मनीच्या बिस्मार्कनं १८७८ मध्ये समाजवाद्यांच्या सभा आणि वर्तमानपत्रांवर बंदी घातली आणि पाठोपाठ कामगारांना आजारपणाचा विमा (१८८३), अपघाताचा विमा (१८८४) आणि म्हातारपणाची पेन्शन (१८८९) दिली. पेन्शनचं वय ७०, म्हणजे तिथवर पोचणारे मोजकेच. कामगारानं पक्षाच्या नव्हे, सरकारच्या तोंडाकडे बघावं, हा हेतू उघड होता. तरी त्यात एक गोष्ट रुजली : पगारातून वर्गणी गेली की मिळणारा पैसा भीक राहत नाही, हक्क होतो. पुढे स्वीडनमध्ये सामाजिक लोकशाहीवादी नेता पेर आल्बिन हान्सननं १९२८ च्या भाषणात देश म्हणजे सगळ्यांचं घर, अशी कल्पना मांडली, आणि १९३२ पासून त्याच्या पक्षानं ती राबवायला घेतली. ब्रिटनमध्ये युद्ध ऐन भरात असताना, डिसेंबर १९४२ मध्ये, सगळ्यांना सामाजिक विमा सुचवणारा बेव्हरिज अहवाल आला. ५ जुलै १९४८ ला तिथं सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली. तीनच वर्षांत सरकारनं कवळ्या आणि चष्म्यांना पैसे लावले, तेव्हा ती सेवा उभी करणाऱ्या अन्युरिन बेव्हननं राजीनामा दिला. 'हे परवडणार कसं' हा प्रश्न आजचा नाही. तो या घराच्या पायाभरणीतच आहे.

आता कोल्हापूर. १८९४ मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा दरबारातल्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. दोन-तीन वर्षांत दुष्काळ आला, प्लेग आला. स्वस्त धान्याची दुकानं, तगाई, दुष्काळी कामं या मार्गानं संस्थानानं रयतेला सावरलं. १९०१ पासून एकेक बोर्डिंग उभं राहू लागलं : मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्यांसाठी मिस क्लार्क. दसरा चौकातून जाताना त्यांतल्या काही इमारती अजून दिसतात. २६ जुलै १९०२ ला, महाराज विलायतेत असताना, तो प्रसिद्ध हुकूम निघाला : रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांना.

माझ्या मते यांहून धाडसाचा हुकूम १९१७ चा, सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा. मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड. हीच मागणी गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळात विधेयक आणून केली होती. पुढच्या वर्षी ती फेटाळली गेली. गोखल्यांचं बालपणीचं शिक्षण कागलला झालेलं, आणि शाहू महाराज जन्मानं कागलच्या घाटग्यांचे. जे कलकत्त्याला जमलं नाही, ते पाच वर्षांनी करवीर संस्थानात झालं. सयाजीरावांच्या बडोद्यानं ते त्याआधीच केलं होतं, हेही सांगायला हवं. आम्हा कोल्हापूरकरांना ते सोयीस्कर विसरायची सवय आहे.

पण हे सगळं हुकमानं आलं. वर्गणी नाही, मतदान नाही. राजा मनाचा मोठा होता म्हणून रयतेला मिळालं. 'मायबाप सरकार' हा शब्द मराठीत उगाच रुळलेला नाही, आणि मायबापाला जाब विचारायची आपल्याकडे रीत नाही.

ती रीत पाडण्याचं काम स्वातंत्र्यानंतर डाव्यांनी केलं, आणि त्यात हा जिल्हा पुढं होता. बिंदू चौकातले फुले-आंबेडकरांचे पुतळे १९५० मध्ये, बाबासाहेब हयात असताना बसले; त्यामागे माधवराव बागल होते. शेतकरी कामगार पक्ष, लाल बावटा आणि पुढे एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्या सभा याच चौकात गाजल्या. दुसरीकडे सहकार वाढला. १९६३ साली 'गोकुळ' हा दूध संघ सुरू झाला. दर दहा दिवसांचं दूधबिल आणि दिवाळीला मिळणारा दूधदरातला फरक ही इथल्या कित्येक घरांची खरी सामाजिक सुरक्षा. साखर कारखान्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. सरकारनं करायचं ते इथं संस्थेनं केलं. सभासद असेल त्याला मिळालं. ज्याच्या नावावर ऊस नाही, दावणीला म्हैस नाही, तो बाहेरच राहिला.

त्या बाहेरच्या माणसाचा विचार शेजारच्या सांगली जिल्ह्यात झाला. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला छोटा प्रयोग केला : जो काम मागेल त्याला काम. १९७२ चा दुष्काळ पडला आणि प्रयोगाचं धोरण झालं. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागितल्यापासून १५ दिवसांत काम, नाहीतर बेकारी भत्ता. 'हमी' या शब्दात सगळं आलं. मजूर तहसीलदारापुढं हात पसरत नव्हता, कायदा दाखवत होता. २००५ मध्ये देशानं हीच कल्पना उचलली. पैसा कुठून आणायचा हेही महाराष्ट्रानं आधीच ठरवलं होतं, तोच हा व्यवसाय कर. जेवढा जमेल तेवढीच भर सरकारनं घालायची.

त्याचं पुढं काय झालं, ते आकडाच सांगतो. या कराची कमाल मर्यादा राज्यघटनेत लिहिलेली आहे. १९८८ मध्ये ती वर्षाला २५० वरून २,५०० रुपये झाली आणि तिथंच थांबली. तेव्हा २,५०० म्हणजे चांगल्या नोकरदाराचा महिन्याचा पगार होता. आज मुलांना घेऊन एकदा हॉटेलात जेवलं तर तेवढे होतात.

युरोपात ओझं वेगळ्या बाजूनं आलं. १९७३ च्या तेलसंकटानंतर वाढ मंदावली, म्हातारे वाढले, वर्गणी भरणारे घटले. जर्मनीत २००३ पासून बेकारभत्त्याला कात्री लावली ती खुद्द सामाजिक लोकशाहीवाद्यांच्या श्रोडर सरकारनं. १९९८ मध्ये त्या पक्षाला ४०.९ टक्के मतं होती. २०२५ मध्ये १६.४. घर मोडलं नाही, पण बांधणाऱ्यांवरचा विश्वास उडाला.

आपल्याकडे वर्गणी भरणारे मुळात होतेच किती? इचलकरंजीचा यंत्रमाग कामगार पिढ्यानपिढ्या मीटरवर मजुरी घेतो. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत कायमचे कामगार कमी होत गेले, कंत्राटी वाढले. त्यात आता ॲपवरून जेवण पोचवणारी पोरं आली. सरकारी नोकरीतही १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. मार्च २०२३ च्या संपाचं कारण तेच. त्या संपाला बेकार पोरांची सहानुभूती फारशी मिळाली नाही, आणि मला त्यांचा राग येत नाही. ज्या घरात आपल्याला कधी घेतलंच नाही, त्याचं छप्पर गळतंय म्हणून कोण रडणार?

रस्त्यांचंही तसंच. महापालिकेकडे पैसा नाही म्हणून शहरातले रस्ते खासगी कंपनीकडून करून घेतले आणि वेशीवर नऊ टोलनाके बसले. तेव्हा मात्र सगळं शहर उठलं. एन. डी. सर ऐंशी ओलांडल्यावरही रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरेंचा खून झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस टोल गेला. रस्ते कोणाच्या पैशानं करायचे, हा प्रश्न मागं उरला.

ऑगस्ट २०२४ पासून 'लाडकी बहीण'चे महिना १,५०० रुपये खात्यावर जमा होऊ लागले. पैसे लागतातच, आणि बायकांच्या हातात थेट पडतात हे चांगलंच. पण त्याला ओवाळणी म्हटलं गेलं. ओवाळणी कमी पडली तर भावावर दावा लावता येत नाही. शाहूंच्या हुकमाकडून पाग्यांच्या हमीकडं गेलेली वाट पुन्हा मायबापाच्या दारात आली, असं मला वाटतं ते यामुळं.

साखर कारखान्यातून किंवा सूतगिरणीतून निवृत्त झालेले कितीतरी जण या जिल्ह्यात आहेत. त्यांच्या पगारातून वर्षानुवर्षं फंड कापला गेला. त्या फंडाशी जोडलेल्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेतली किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. नवऱ्याचे हे हजार आणि बायकोचे ते दीड हजार कधी कधी एकाच बँकेत जमा होतात. हजारामागं तीस वर्षांची वर्गणी आहे.