मिनिटाला ७४० शब्द आणि करारातलं कलम नऊ

मागे मी एक स्पीड रीडिंगचा वीकेंड क्लास केला होता. हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, सर स्टॉपवॉच घेऊन उभे. शनिवारी सकाळी माझा स्पीड निघाला मिनिटाला २१० शब्द आणि रविवारी संध्याकाळी ७४०, मग काय, हवेतच. (टेस्टमधले प्रश्न असे होते की उतारा न वाचतासुद्धा निम्मे बरोबर आले असते, पण हे तेव्हा कुठे सुचतंय.)

त्याच महिन्यात आमच्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटच्या कराराचा ड्राफ्ट आला, ४६ पानं. मी तो नव्या पद्धतीने वीस मिनिटांत उडवला आणि ग्रुपवर टाकलं, "वाचलं, सगळं ओके आहे, भाडं पण मिळणार." तळमजल्यावरचे काका, रजिस्ट्रार ऑफिसातून रिटायर झालेले, त्यांचा फोन आला, "अरे कलम नऊ बघितलंस का? भाडं २४ महिनेच आहे, ताबा मिळेपर्यंत नाही." मी बघितलं होतं की. म्हणजे पान उलटलं होतं. 'भाडं' शब्द दिसला होता, 'चोवीस' नाही. हे असं का झालं ते शोधायला बसलो आणि त्यात बरंच काही मजेदार सापडलं.

आधी डोळ्यांचं बघू. वाचताना आपल्याला वाटतं नजर ओळीवरून सरळ सरकतेय, पण ती बेडकासारख्या उड्या मारते. पॅरिसमध्ये लुई एमिल जावाल यांच्या प्रयोगशाळेत १८७९ च्या सुमारास हे लक्षात आलं, आणि पुढे अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी तर लोकांच्या बुबुळावर प्लास्टरची छोटी टोपी बसवून, तिला काटा जोडून या उड्या कागदावर उतरवून घेतल्या. आता त्याची गरज नाही, कोणाला तरी पेपर वाचायला बसवा आणि मोबाईलवर त्याच्या डोळ्यांचा स्लो मोशन व्हिडिओ काढा, उड्या स्पष्ट दिसतात.

नजर एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, मग इंग्रजीत सात-नऊ अक्षरांची उडी, मग परत थांबा. उडीच्या वेळी डोळ्याला काही उपयोगाचं दिसत नाही, जे काय वाचायचं ते थांब्यावर. आणि थांब्यावर स्पष्ट दिसणारा भाग केवढा, तर हात लांब केल्यावर अंगठ्याचं नख दिसतं साधारण तेवढा. १९७५ मध्ये मॅकॉन्की आणि रेनर यांनी कॉम्प्युटरवर असा प्रयोग केला की वाचणारा जिथे बघतोय तिथली थोडीच अक्षरं खरी ठेवायची आणि बाकी ओळ बिघडवून टाकायची. अशा प्रयोगांतून कळलं की इंग्रजी वाचणाऱ्याला नजरेच्या डावीकडची तीन-चार आणि उजवीकडची चौदा-पंधरा अक्षरं एवढ्याचाच उपयोग होतो, त्यातही शब्द नीट ओळखता येतो तो जवळचाच, लांबच्याचा नुसता अंदाज. उजवीकडून डावीकडे वाचायच्या हिब्रूमध्ये हेच उलटं होतं, म्हणजे हा डोळ्याचा गुण नाही, लक्ष कुठे आहे त्याचा आहे.

आता हिशोब करा. सेकंदाला चार थांबे, मिनिटाला २४०. मिनिटाला हजार शब्द वाचायचे तर प्रत्येक थांब्यावर चारपेक्षा जास्त शब्द टिपायला लागणार, आणि तेवढे स्पष्ट दिसतच नाहीत. इंग्रजीतल्या १९० अभ्यासांची बेरीज करून मार्क ब्रिसबार्ट यांनी २०१९ मध्ये काढलेला मोठ्या माणसांचा सरासरी वेग माहितीपर मजकुराला मिनिटाला २३८ शब्द आहे, कथा-कादंबऱ्यांना २६०. मराठीला हे आकडे जसेच्या तसे लावूच नका, कारण आपल्याकडे 'घराबाहेरच्यांनासुद्धा' हा एकच शब्द आहे आणि तेच इंग्रजीत सांगायला पाच-सहा शब्द लागतात. जाहिरातीतला 'मिनिटाला अमुक शब्द' मराठीत नक्की कशाचा मोजला, हे विचारून बघा एकदा.

तरी हा धंदा साठ वर्षांहून जुना आहे. एव्हलिन वुड या अमेरिकन शिक्षिकेने १९५९ मध्ये रीडिंग डायनॅमिक्स नावाचा कोर्स काढला आणि तो इतका गाजला की जिमी कार्टर यांनी व्हाइट हाऊसमध्ये असताना तो केला. मग जस्ट आणि कार्पेंटर या कार्नेगी मेलनच्या दोन संशोधकांनी असे तयार झालेले वाचक, साधे वाचक आणि 'नुसतं चाळा' म्हणून सांगितलेले लोक, यांची तुलना केली. सोप्या मजकुराचा ढोबळ अर्थ स्पीडवाल्यांना बरा कळला, पण तपशील विचारला की जिथे त्यांची नजर पडलीच नव्हती तिथलं त्यांना सांगता येईना, आणि एकूणात ते चाळणाऱ्यांच्याच पंगतीत. म्हणजे माझं कलम नऊ.

क्लासमध्ये दोन गोष्टी ठासून सांगतात, मनात उच्चार करू नका आणि मागे वळून वाचू नका. पहिलीचं बघा. 'काकांनी काकूंच्या कपाटातले कामाचे कागद कात्रीने कराकरा कापले' हे तोंड बंद ठेवून वाचा, तरी अडखळल्यासारखं होतं ना? इंग्रजीत हे मोजलेलं आहे, जीभ अडखळवणारी वाक्यं मुक्याने वाचतानाही वेळ जास्त लागतो. तो आतला आवाज म्हणजे वाईट सवय नाही, वाक्याचा शेवट येईपर्यंत सुरुवात डोक्यात धरून ठेवायची सोय आहे ती. आणि मागे वळणं? साधारण दहा-पंधरा टक्के उड्या मागे जातात. २०१४ मध्ये स्पीडच्या ॲप्सची हवा होती, एकेक शब्द स्क्रीनवर एकाच जागी दाखवायचा म्हणजे डोळा हलवायलाच नको. त्याच वर्षी शॉटर, ट्रॅन आणि रेनर यांनी एकदा वाचलेला शब्द लगेच झाकून टाकायचा प्रयोग केला, मागे जायची सोयच काढून घेतली, तर लोकांना समजणंच कमी झालं.

मग काका कसे पटापट वाचतात? त्यांनी आमचा करार मी लावला त्याच्याहून कमी वेळात संपवला असेल, कारण असे शेकड्यांनी दस्त त्यांच्या हाताखालून गेलेत, कुठली पानं छापील साच्यातली आणि कुठे बिल्डर खोडी करतो हे त्यांना पाठ आहे. अमेरिकेत १९८८ मध्ये शाळकरी मुलांना बेसबॉलच्या मॅचचं वर्णन वाचायला दिलं होतं, तेव्हा वाचनात कच्ची पण बेसबॉल कळणारी मुलं ही वाचनात पक्की पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांच्या पुढे गेली. क्रिकेट न कळणाऱ्याला स्कोअरकार्ड वाचायला द्या, हेच होईल. त्यामुळे माझं मत विचाराल तर वेग वाढवायचा खरा मार्ग कंटाळवाणाच आहे, त्या विषयातलं भरपूर वाचा, शब्द ओळखीचे होऊ द्या. आणि सुरुवातीला पाच मिनिटं मथळे, पहिला परिच्छेद, आकडे चाळून घ्या, म्हणजे कुठे हळू जायचं ते कळतं. चाळणं वाईट नाही, चाळून 'वाचलं' म्हणणं वाईट.

आता लक्षात राहण्याचं. माझा भाचा पुण्यात एमपीएससी करतो, त्याच्या अभ्यासिकेत बघितलं तर प्रत्येक पुस्तक हायलायटरने हळदीसारखं पिवळं. पुन्हा पुन्हा वाचायचं आणि रंगवायचं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके यांनी कॉलेजच्या मुलांचे गट केले. एका गटाने उतारा चार बैठकांमध्ये वाचून वाचून सरासरी १४ वेळा वाचला. दुसऱ्याने एकाच बैठकीत तीन-साडेतीन वेळा वाचला आणि पुढच्या तीन बैठकांमध्ये कागद बाजूला ठेवून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर पहिला गट पुढे, ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने विचारलं तर पहिला ४० वर आणि दुसरा ६१ वर! आणि गंमत म्हणजे आपल्याला जास्त लक्षात राहील असं पहिल्याच गटाला वाटत होतं.

भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मामा, पुस्तक बंद केलं की काहीच आठवत नाही." मी म्हटलं तेच तर, आत्ता कळलेलं बरं. आता तो एक प्रकरण झालं की पुस्तक मिटतो, कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहितो, मग उघडून राहिलेलं बघतो. पानं कमी होतात दिवसाला, कुरकुर चालू असते.

आणि काकांनी परवा सुधारित करार माझ्याकडे वाचायला दिला, दोन दिवसांनी जिन्यात भेटले तेव्हा विचारतात, "सांग, पार्किंग कितव्या कलमात आहे आणि ताब्याला उशीर झाला तर काय?" पार्किंग आठवलं नाही. उशिराचं सांगितलं, ताबा मिळेपर्यंत भाडं चालू.