ट्रकड्रायव्हरांची निवृत्ती: वादामागची पार्श्वभूमी

साठीकडे झुकलेल्या ट्रकड्रायव्हरांनी आता स्टिअरिंग सोडावं, पोरांना गाडी मिळू द्यावी, असं वाहतूक धंद्यात अधूनमधून बोललं जातं. कळंबोलीत नाहीतर भिवंडीत एखाद्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात तासभर बसलं तरी हे कानावर पडतं. गंमत म्हणजे त्याच खुर्चीवरून, हातातला चहा संपायच्या आत, दुसरी तक्रारही येते: ड्रायव्हर मिळत नाहीत, गाड्या उभ्या आहेत. ड्रायव्हर मिळतच नसतील तर म्हाताऱ्यांनी जागा नेमकी कुणासाठी सोडायची, हे मात्र कुणी विचारत नाही. या दोन तक्रारी एकाच तोंडी कशा आल्या, ते पाहायला थोडं मागे जावं लागतं.

कायद्यापुरतं बोलायचं तर वयाची वरची मर्यादा कधी घातलीच गेली नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू आहे. मालवाहू गाडी चालवायला किमान वय २० वर्षं, एवढंच तो सांगतो. तरीही "साठीनंतर हेवी लायसन्स होत नाही" ही समजूत इतकी पक्की बसली आहे की कित्येक ड्रायव्हर नूतनीकरणाला जातच नाहीत. या समजुतीचं मूळ बहुधा खासगी गाड्यांच्या लायसन्समध्ये असावं. तिथे वयाप्रमाणे मुदत बदलते, पन्नाशीचा आणि साठीचा उल्लेख येतो. ट्रान्सपोर्ट लायसन्सला वयाचे असे टप्पे नाहीत. तिथे सर्वांना सारखीच मुदत, डॉक्टरचा दाखला जोडायचा आणि पुढे चालायचं.

ही मुदत पूर्वी ३ वर्षांची होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती ५ वर्षांची झाली. ज्वलनशील, घातक माल नेणाऱ्यांची १ वर्षाची मुदत ३ वर्षांवर गेली. म्हणजे ड्रायव्हरांच्या वयाची चर्चा वाढत होती त्याच सुमारास तपासणीचं अंतरही वाढवलं गेलं. आरटीओतल्या खेपा कमी झाल्या म्हणून ड्रायव्हरांनी सुटकेचा श्वास सोडला, त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण अठ्ठावन्नाव्या वर्षी दाखला दिलेल्या माणसाची नजर पुन्हा थेट त्रेसष्टाव्या वर्षी तपासली जाणार, हेही त्यातच आलं. ब्रिटनमध्येही लॉरीचालकाला निवृत्तीचं वय नाही. पण पंचेचाळिशीनंतर दर ५ वर्षांनी वैद्यकीय तपासणी असते आणि पासष्टीनंतर दरवर्षी. आपल्याकडच्या दाखल्यात डॉक्टर लिहून देतो की माणसाला २५ मीटरवरून, दिवसाच्या चांगल्या उजेडात, मोटारीची नंबर प्लेट वाचता येते. लाइनची, म्हणजे लांब पल्ल्याची, गाडी चालते रात्री.

आता "निवृत्ती" हा शब्द. सगळा घोळ त्यातच आहे. एसटीचा ड्रायव्हर ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, कारण तो नोकरीत असतो. त्याचं लायसन्स ट्रकवाल्यासारखंच, रस्ते तेच, घाटही तेच. मात्र त्याला निवृत्त व्हायला एक ठिकाण आहे. (२०२१-२२ च्या लांबलेल्या संपात महामंडळाने याच निवृत्त चालकांना कंत्राटावर परत बोलावलं होतं. गाड्या सुरू करायची निकड आली तेव्हा त्यांचं वय आड आलं नाही.) ट्रकवाल्याने निवृत्त व्हायचं कशातून? मालक-चालक असेल तर तो स्वतःच शेठ आहे. फायनान्सचे हप्ते फिटेपर्यंत त्याला उतरता येत नाही, आणि फिटले की गाडी जुनी झालेली असते. खेपेवर जाणाऱ्याचा हिशेब खेपेपुरता. राहिला पगारी ड्रायव्हर. त्याचा शेठ सहसा दोन-चार गाड्यांचा धनी असतो. भविष्य निर्वाह निधीचा कायदा साधारणपणे २० माणसं कामाला असलेल्या आस्थापनेपासून लागू होतो, त्यामुळे हा ड्रायव्हर तिथेही बाहेरच.

असंघटित कामगारांसाठी २०१९ मध्ये केंद्राची पेन्शन योजना आली. साठीनंतर महिना ३,००० रुपये. पण नाव नोंदवायचं वय १८ ते ४०. आज ज्याला "आता थांबा" म्हणायचं आहे, तो योजना आली तेव्हाच चाळिशीपार होता. महाराष्ट्रात रिक्षा आणि टॅक्सीचालकांसाठी कल्याणकारी मंडळ झालं, त्यात ट्रकवाले नाहीत. तेव्हा ट्रकड्रायव्हरने निवृत्त व्हावं म्हणजे प्रत्यक्षात घरी बसून पोराच्या कमाईवर जगावं. शब्द नोकरशाहीतून उचलला, त्यामागचं पेन्शन तिथेच ठेवलं.

आणि तरुणांची वाट नेमकी कुणी अडवली, हे पाहायचं तर नजर ड्रायव्हरच्या सीटवरून काढून शेजारच्या सीटवर न्यावी लागते. क्लीनरच्या. खेड्यातल्या उच्चारात किन्नरच्या.

पिढ्यान् पिढ्या ट्रकड्रायव्हर घडले ते या सीटवर. ड्रायव्हिंग स्कूलचा संबंध फक्त लायसन्सच्या कागदापुरता होता. पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा गावच्या एखाद्या उस्तादामागे गाडीवर चढायचा. (या वयाचा प्रश्न वेगळा आहे. त्यात शोषणही भरपूर होतं, मारही होता, ते झाकायचं कारण नाही.) गाडी धुणं, हवा बघणं, ताडपत्री ओढून दोर आवळणं, टायर उतरवणं, घाटात गाडी थांबली की उडी मारून चाकाखाली दगड लावणं, मागे घेताना "आन दे, आन दे" ओरडत बाजूला पळणं. पहाटे तीन-चारला उस्तादाचे डोळे मिटू नयेत म्हणून बोलत राहणं हेही त्याचंच काम. दोन-तीन वर्षांनी रिकाम्या परतीच्या गाडीवर, सपाट रस्त्यावर, उस्ताद पाच-दहा किलोमीटर स्टिअरिंग हातात द्यायचा. विशी पूर्ण होईपर्यंत पोराला कुठल्या बाजारात वाराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) किती, कुठल्या पेठेत गाडी कधी घ्यायची, कसाऱ्याला भरलेली गाडी कुठल्या गिअरमध्ये उतरवायची, सगळं पाठ. मग लायसन्स, मग शेठच्या सगळ्यांत जुन्या गाडीवर पहिली नेमणूक. म्हातारा ड्रायव्हर उतरला म्हणून तरुणाला गाडी मिळाली, असं या पद्धतीत क्वचितच घडायचं. म्हाताऱ्याच्या शेजारी बसून तरुण तयार व्हायचा.

ही सीट एका दिवसात रिकामी झाली नाही. पॉवर स्टिअरिंग आलं, ट्यूबलेस टायर आले, पंक्चर कमी झालं. मोबाइलमुळे पत्ता विचारत फिरायला नको. १ जुलै २०१७ ला जीएसटी लागला आणि मुंबईची जकातही गेली, त्याबरोबर नाक्यावर कागद घेऊन रांगेत उभं राहायचं काम संपलं. फेब्रुवारी २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. शेठने हिशेब केला: एक पगार, एक भत्ता, एक जेवण वाचतं. ड्रायव्हरनेही पुष्कळदा हरकत घेतली नाही, कारण क्लीनरचे पैसे थोडेफार त्याच्या खिशात यायचे. दुसरीकडे गावातल्या पोरांनाही हा धंदा नकोसा झाला. शहरात मोटरसायकलवर पार्सल पोचवून रात्री घरी येता येत असेल तर पंधरा-पंधरा दिवस कॅबिनमध्ये कोण झोपेल?

नियमात मात्र क्लीनर राहिला. अवजड मालगाडीवर तो हवाच, ही महाराष्ट्राची अट कायम होती, आणि ई-चलान आल्यावर तिचा दंड चटकन लागू लागला. २०२५ च्या जुलैत राज्यातल्या वाहतूकदारांनी जो संप पुकारला, त्याच्या मागण्यांत ई-चलानाची वसुली आणि क्लीनरची सक्ती हे दोन्ही मुद्दे होते. पुढे सरकारने चालकाला मदत करणारी यंत्रणा बसवलेल्या गाड्यांना या अटीतून सूट देणारा नियमबदल पुढे आणला. मागे-बाजूला काय आहे ते सेन्सर दाखवणार, मग माणूस कशाला, असा विचार.

वाहतूकदारांची बाजू खोटी नव्हती. जो माणूस बाजारात मिळतच नाही तो गाडीवर नाही म्हणून दंड भरायचा, याचा राग येणारच. पण संपाच्या काळात झालेली सगळी चर्चा दंड आणि सुरक्षितता या दोनच अंगांनी झाली. क्लीनरची सीट ही या धंद्याची शाळा होती, आणि सूट देताना शाळाही बंद होते आहे, हे फारसं कुणी मांडलं नाही. तिची जागा घ्यायला काय आहे? २०२१ च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रात अवजड वाहनाचा अभ्यासक्रम ६ आठवड्यांत ३८ तासांचा. सिम्युलेटर असतो, वर्ग असतात, आणि शिकवणी चांगली होत असेलही. पण ३८ तासांत माणूस गाडी चालवायला शिकतो, धंदा शिकत नाही. केंद्रातून बाहेर पडलेल्या पोराला शेठ विचारतो, "लाइनवर किती वर्षं?" आणि तिथेच गाडं अडतं. त्या पोराला वाटतं, म्हाताऱ्यांनी जागा अडवली आहे.

शिक्षणाच्या अटीनेही असंच केलं. २००७ मध्ये केंद्रीय नियमांत आठवी पासची अट आली. आधीच लायसन्स असलेल्यांना नूतनीकरणासाठी ती लागू नव्हती. परिणाम उघड होता: जुने अंगठेबहाद्दर गाडीवर राहिले, आठवी न झालेली त्यांची पोरं-पुतणे बाहेर राहिले, आणि जी शिकली त्यांना मुळात ट्रक नको होता. १२ वर्षं ही चाळणी चालली. २०१९ मध्ये हरियाणाने मेवातच्या लोकांसाठी सवलत मागितली, कारण तिथे घरंच्या घरं ड्रायव्हरकीवर जगतात. केंद्राने मग अटच काढून टाकली. त्या वेळी देशात सुमारे २२ लाख ड्रायव्हर कमी असल्याचं सरकारने सांगितलं होतं. तो आकडा अजूनही भाषणांत फिरतो.

"तुटवडा" या शब्दावर ड्रायव्हर हसतात. तुटवडा आहे तर भत्ता का वाढत नाही, हा त्यांचा साधा प्रश्न. मोटार वाहतूक कामगारांच्या १९६१ च्या कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास लिहून ठेवले होते, लांबच्या पल्ल्याला थोडे जास्त. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. दोन गाड्यांच्या शेठपर्यंत तो पोचायचा प्रश्नच नव्हता.

मग जानेवारी २०२४ आला. नव्या न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद होती. वर्षाच्या पहिल्याच दिवशी गाड्या थांबल्या, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. संघटनांशी बोलल्याशिवाय ही तरतूद लागू करणार नाही, असं सरकारने दुसऱ्या दिवशी सांगितलं. १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम वगळलं होतं. जमावाच्या भीतीने पळावं लागतं, हे ड्रायव्हरांचं म्हणणं त्या दोन दिवसांत पहिल्यांदा सगळ्या देशाने ऐकलं. अनेक ड्रायव्हरांच्या घरी त्याच आठवड्यात ठरलं की आपल्या पोराला या लाइनला घालायचं नाही.

तरुण ड्रायव्हरांची एक तक्रार मात्र खरी आहे आणि ती निवृत्तीच्या ओरड्याखाली दबते. नवी गाडी आली की शेठ ती जुन्या, भरवशाच्या हाताला देतो आणि पोराच्या गळ्यात खटारा येतो. बीएस-सहा, म्हणजे धुराच्या नव्या मानकांच्या, गाड्यांनी यात थोडी उलथापालथ केली आहे. डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाची) पातळी, सेन्सर, डॅशबोर्डवर पेटणारे दिवे यांच्याशी पोरांचं लवकर जमतं. पस्तीस वर्षं आवाजावरून इंजिन ओळखणारा माणूस त्या दिव्यापुढे गप्प होतो आणि क्लीनर नसल्यामुळे विचारायलाही शेजारी कुणी नसतं. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालगाड्यांना एसी कॅबिन सक्तीची झाली आहे. त्या कॅबिनमध्ये आधी कोण बसणार, यावरून ट्रान्सपोर्ट ऑफिसांत आता कुजबुज सुरू आहे.