गप्प टर्की दोन प्रकारचे: माद्यांत गुंतलेला आणि माणसांना विटलेला

मे महिना लागला की अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात रानटी टर्कीच्या शिकारीमागे फिरणाऱ्या आपल्या मंडळींचं रडगाणं सुरू होतं. "यंदा जंगल मेलंय, सकाळपासून एक गॉबल (नराची आरोळी) नाही." पुढचं वाक्यही ठरलेलं: "सगळे नर माद्यांबरोबर आहेत, काय करणार!" पहिल्या वाक्याशी माझं भांडण नाही, काही वर्षं खरंच शांत जातात. दुसरं वाक्य मात्र कित्येकदा साफ चुकीचं असतं, आणि त्यापायी लोक नेमके नको त्या क्षणी उठून गाडीकडे चालू लागतात.

माद्यांत गुंतलेला नर सगळ्यांच्या ओळखीचा आहे, म्हणून त्याचं पटकन उरकतो. पहाटे झाडावर बसून तो दणकून ओरडतो, खाली उतरतो, भोवती माद्या जमतात आणि त्याचा आवाज बंद होतो. पुढ्यात पंगत वाढलेली असताना कुणी हॉटेल शोधायला बाहेर पडत नाही. त्यात टर्कींची रीत अशी की मादी नराकडे जाते. नराने उठून मादीकडे यावं, ही कॉल, म्हणजे मादीचा आवाज काढणारं साधन, वाजवणाऱ्या आपली उलटी अपेक्षा. अंडी घालण्याच्या दिवसांत मादी साधारण रोज एक अंडं घालते, दहा-बारा होईपर्यंत. त्यासाठी ती दिवस वर आल्यावर हळूच घरट्याकडे सटकते, आणि नऊ-दहानंतर नर एकटा पडतो. पुढे ती अंड्यांवर बसली की जवळपास चार आठवडे फारशी उठत नाही, मग तर नराला आवाज देण्यावाचून गत्यंतर नसतं. इतपत सगळ्यांना पाठ असतं.

आता दुसरा, माणसांना विटलेला. सीझनच्या पहिल्या शनिवारी गेम लँडवर, म्हणजे शिकारीसाठी खुल्या सरकारी जमिनीवर, काय काय होतं ते आठवा. पहाटे साडेचारला गाड्यांची दारं धाडधाड आपटतात. कुणीतरी पार्किंगमध्येच, झाडावरच्या नराला ओरडायला लावायला, घुबडाचा आवाज काढतं, दुसऱ्या टेकडीवरून दुसरं घुबड उत्तर देतं, आणि ते घुबडही माणूसच असतं. मग उजाडेपर्यंत बॉक्स कॉलची (लाकडी डबीच्या कॉलची) कर्कश जुगलबंदी. ज्या नराने हे आठवडाभर ऐकलं, कदाचित छर्रे कानाजवळून जातानाही ऐकले, तो पुन्हा उघड्यावर ओरडेल कशाला? जॉर्जिया विद्यापीठाचे मायकेल चेंबरलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साउथ कॅरोलायनाच्या जंगलांत आवाज टिपणारी यंत्रं लावून अभ्यास केले, त्यांतही शिकार सुरू झाल्यावर गॉबलिंग घटताना दिसलं. ओरडणाऱ्यांतले काही तोवर फ्रीजरमध्ये गेलेले असतात, हेही आहेच. पण जे उरतात ते शहाणे होऊन उरतात.

लोक चुकतात ते इथे. दोघेही गप्प, दोघेही दिसत नाहीत, म्हणून दोघांना एकच औषध दिलं जातं. वास्तविक माद्यांत गुंतलेला गप्प असतो तेव्हा तो तुमच्याकडे येत नसतो. विटलेला गप्प असतो तेव्हा तो बऱ्याचदा तुमच्याकडेच निघालेला असतो, फक्त सांगत नाही. त्याची भूक गेलेली नाही, बोलणं गेलंय. तुम्ही वीस मिनिटं थांबता, "छे, माद्यांबरोबर गेला" म्हणत उठता, पँटची माती झटकता, आणि पाठीमागून धाडकन पंख वाजतात. मग ती गोष्ट "कुठून आला कोण जाणे" अशी सांगितली जाते. तो तुम्ही बोलावलं तिथूनच आला होता.

ओळखायचं कसं? झाडावरचा आवाज ऐका. गुंतलेला नर फांदीवरून भरपूर ओरडतो आणि जमिनीवर उतरल्यावर गप्प होतो. विटलेला फांदीवरही कंजूष: एखादा गॉबल, तोही अंधार असताना, की संपलं. मग तुमच्या कॉलला मिळणारं उत्तर बघा. गुंतलेला अधूनमधून उत्तर देतो, पण दर वेळी आवाज थोडा लांब गेलेला असतो, आणि आसपास खऱ्या माद्यांचे यल्प, म्हणजे त्यांच्या हाका, ऐकू येतात. विटलेला एकदा उत्तर देतो, किंवा देतच नाही, आणि जंगल चिडीचूप होतं. अशा वेळी घड्याळ बघून किमान तासभर हलू नका. नर आहेतच की नाहीत अशी शंका असेल तर कच्च्या रस्त्याच्या मातीत बघा: फुलारून चालणाऱ्या नराच्या पंखांची टोकं जमिनीवर घासून दोन्ही बाजूंना रेघा उमटतात, आणि त्याची विष्ठा हुकासारखी वाकलेली असते, मादीची गोळा झालेली.

गप्प नर जवळ येताना आवाज करत नाही असंही नाही. वाळक्या पानांवर दोन-चार पावलं, मग थांबणं, पुन्हा पावलं. थेट माणूस चालल्यासारखं वाटतं, आणि म्हणूनच आवाजावर बंदूक रोखणाऱ्याबरोबर मी जंगलात जात नाही. अगदी जवळ आला की ड्रमिंग सुरू होतं. आधी "फ्ट" असा बारीक फुत्कार, मागोमाग इतका खोल घुमार की कानाआधी छातीला जाणवतो. बरेच जण तो लांबच्या ट्रकचा समजून सोडून देतात. त्यानंतर उंचवट्यामागून डोकं वर येतं: माथा पांढरा, गाल निळे, गळा लालभडक. ते वर आल्यावर तुम्ही बंदूक उचलायला गेलात तर गेला. बंदूक गुडघ्यावर आधीच तयार हवी.

दोघांची औषधंही उलटी. गुंतलेल्यासाठी नराचा नाद सोडा आणि म्होरक्या मादीला चिडवा. ती यल्प करेल तसाच तुम्ही तिच्याहून जोरात करा. ती भांडायला आली तर तो तिच्यामागे फरफटत येतो. नाहीतर निघून जा आणि दहाला त्याच जागी परत या. पेनसिल्व्हेनियात पहिले दोन आठवडे शिकार दुपारी 12 ला थांबते, तरी ते दोन तास सोन्याचे असतात.

विटलेल्यासमोर ही दंगामस्ती म्हणजे शुद्ध मूर्खपणा. मला इथे फक्त स्लेट आणि काडी, म्हणजे पाटीवर काडी घासून वाजवायचा कॉल, चालतो. दोन हलके क्लक (तुटक आवाज), थोडं पर्र (मंद घुरघुर), मग हाताने पानं उकरायची: एकदा, थांबून दोनदा, खाणाऱ्या टर्कीच्या तालात. मग पाऊण तास तोंड आणि हात बंद. त्याहून महत्त्वाची म्हणजे बसायची जागा. मादी जिथून दिसायला हवी तिथवर तो येतो आणि न दिसल्यास तिथूनच माघारी फिरतो. मोकळ्या रानात बसलात तर तो 80 यार्डांवरून बघून परततो. म्हणून पुढे 35-40 यार्डांवर चढ किंवा वळण असेल असं झाड पाठीशी घ्या, म्हणजे तो डोकावेल तेव्हा माऱ्यात असेल. आणि शोधत त्याच्यामागे जाऊ नका. पेनसिल्व्हेनियात वसंतातली टर्की फक्त बोलावून मारायची, दबा धरत पाठलाग करणं बेकायदा आहे. सरकारी जमिनीवर टर्कीच्या शेपटीचा पंखा तोंडासमोर धरून सरपटणाऱ्यांना काय म्हणावं ते छापता येणार नाही.

जेक, म्हणजे छातीवर आखूड दाढी (केसांसारखा झुपका) असलेले वर्षाचे नर, मोठ्या नरांच्या धाकाने गप्प असतात, पण ते ओळखायला सोपे: शेपटी उघडली की मधली पिसं बाजूच्यांहून लांब दिसतात. आणि वारा सुटला असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवा. पानांच्या सळसळीत ना त्यांना तुमचं ऐकू येत, ना तुम्हाला त्यांचं, म्हणून टर्की नजरेवर विसंबून मोकळ्या शेतांत येतात. त्या दिवशी शेताच्या कडेला, वाऱ्याच्या आडोशाला बसा, आणि स्लेट पिशवीतच राहू द्या.