टेंभूचे पाणी आणि तुटीचे राजकारण

राज्याच्या तुटीवरून विधिमंडळात खडाजंगी झाली की सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी आटपाडी, जत, खानापूरकडचे लोक आधी विचारतात, कृष्णेचे पाणी पंपांनी उचलून आणणाऱ्या टेंभू-म्हैसाळ योजनांना किती ठेवले? त्यामागे पन्नास वर्षांचा हिशेब आहे.

राज्यांमध्ये कृष्णेचे पाणी वाटून देणाऱ्या बच्छावत लवादाने 560 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी महाराष्ट्राला दिले. मात्र 31 मे 2000 नंतर वाटपाचा फेरविचार होऊ शकेल, अशी तरतूदही ठेवली. तोवर अडवले नाही ते पाणी गेले, ही धास्ती सगळ्याच पक्षांनी घेतली होती. तिजोरीत तेवढा पैसा नव्हता. म्हणून 1996 मध्ये युती सरकारने कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापले आणि सरकारी हमीवर कर्जरोखे विकले. कराडजवळच्या टेंभू योजनेची मान्यताही त्याच वर्षीची.

खरी मेख इथे होती. कर्ज महामंडळाच्या नावावर, त्यामुळे ते राज्याच्या तुटीत दिसत नसे. फेड मात्र राज्याच्याच गळ्यात, कारण पाणीपट्टीतून व्याजही सुटणार नव्हते. 1999 मध्ये सत्तांतर झाले, आघाडी सरकारने श्वेतपत्रिका काढून आधीच्यांवर ठपका ठेवला. अर्थखाते आले इस्लामपूरच्या जयंत पाटलांकडे. म्हणजे हात आखडायची वेळ सांगली जिल्ह्याच्याच मंत्र्यावर. पुढे 2005 च्या कायद्याने तुटीला वेसण घातली.

विदर्भ-मराठवाड्याचा सवालही रास्त होता: सिंचनाचा पैसा कृष्णेकडेच का? राज्यपालांनी अनुशेषाप्रमाणे, म्हणजे जो भाग जेवढा मागे पडला त्या प्रमाणात, निधी वाटण्याचे निर्देश दिले. पण 1984 च्या दांडेकर समितीपासून अनुशेष मोजला तो जिल्ह्याच्या सरासरीने. त्यामुळे सांगलीतल्याच बागायती वाळव्याच्या उसाच्या फडांबरोबर जतचे माळरानही ‘सुखी पश्चिम महाराष्ट्रा’त धरले गेले. या साऱ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त सलतो तो हा अन्याय. स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडींनी आटपाडीच्या पाणी परिषदांतून वर्षानुवर्षे आवाज उठवला, तो याच माणसांसाठी.

निधी तुकड्यातुकड्याने आला, कामे रखडली. टेंभूचा मूळ अंदाज सुमारे 1,416 कोटींचा, तो 4 हजार कोटींच्या वर गेला. वाचवलेला पैसा असा दामदुपटीने गेला. मग पाणी चढले, तर पंपांच्या वीजबिलाचा प्रश्न उभा राहिला. थकबाकीपायी आवर्तने, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या, अडू लागली, तेव्हा 81 टक्के बिल शासनाने आणि 19 टक्के शेतकऱ्यांनी भरायचे ठरले. योजना पुरी झाली तरी हा खर्च दरवर्षीचा आहे.