आंघोळीच्या वहीतला 'आक्रमक' हा शेरा

शुश्रूषागृहातल्या, डिमेन्शिया (स्मृती आणि समज हळूहळू हिरावणारा मेंदूचा आजार) झालेल्या बाई आंघोळीच्या वेळी ओरडतात, ओरबाडतात. वहीत 'आक्रमक' असा शेरा पडतो आणि दुसऱ्या दिवशी दोघी सेविका धरून आंघोळ उरकतात. सेविकांच्या प्रशिक्षणाची सुरुवात याच शेऱ्यापासून व्हावी. त्या बाईंच्या दृष्टीने काय घडलं? अनोळखी हातांनी कपडे काढले, अंगाला गार हवा लागली, डोक्यावर एकदम पाणी पडलं. हा हल्ला नाही, बचाव आहे.

ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या टॉम किटवुड यांनी १९९० च्या दशकात हेच ठामपणे मांडलं: माणूस खचतो तो फक्त मेंदूच्या आजाराने नाही, भोवतालच्या वागण्यानेही. घाई करणं, त्याच्यादेखत त्याच्याविषयी तिसऱ्याशी बोलणं, लहान मूल समजणं. करणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं, म्हणूनच ते ध्यानात येत नाही.

ते ध्यानात आणून द्यायला व्याख्यान पुरत नाही. जोड्या करून एकाने डोळ्यांवर पट्टी बांधायची आणि दुसऱ्याने एक शब्दही न बोलता त्याला भरवायचं. पुढचा घास कधी येणार हे कळत नसलं की कसं वाटतं, ते पाच मिनिटांत कळतं.

मग सराव आंघोळीचा. खोली आधी ऊबदार करा, साबण-टॉवेल हाताशी ठेवा. मध्येच आणायला गेलात की विश्वास तुटतो. समोरून या, डोळ्यांच्या पातळीला वाका, नावाने हाक मारा. एका वेळी एकच छोटं वाक्य बोला आणि उत्तरासाठी मनात दहापर्यंत मोजा (हे थांबणंच सगळ्यात जड जातं). पाणी आधी त्यांच्या हातावर पडू द्या. सुरुवात पायांपासून करा, चेहरा शेवटी; केस वेगळ्या दिवशी धुतले तरी चालतात. अंग मोठ्या टॉवेलने झाकलेलं राहू द्या, धुवायचा तेवढाच भाग उघडा. एक ओला रुमाल त्यांच्या हातात द्या. तरीही नकार आला तर थांबा. अर्ध्या तासाने पुन्हा विचारा, नाहीतर आज अंग पुसून घेतलं तरी पुरे.

एवढं शिकूनही महिन्याभरात जुनं वळण परत येतं. एकच दिवसाचं शिबिर होतं, रात्रपाळी त्यातून सुटते, आणि प्रमुख संध्याकाळी विचारतात, "किती आंघोळी झाल्या?" रहिवाशाच्या आयुष्याची माहिती भरलेला तक्ता कपाटात जातो, त्यातल्या तीन ओळी पलंगाशी लावल्या तर निदान वाचल्या जातात. म्हणून प्रशिक्षकाने नंतरही प्रत्यक्ष कामात सोबत असावं, दर आठवड्याला एकाच व्यक्तीबद्दल सगळ्यांनी मिळून बोलावं.

ब्रिटनमधल्या १२ शुश्रूषागृहांपैकी सहांत असं १० महिने करून पाहिलं, उरलेल्या सहांत नेहमीचीच पद्धत ठेवली. निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षअखेर प्रशिक्षण मिळालेल्या गृहांत मनोविकारावरची शामक औषधं २३ टक्के रहिवाशांना चालू होती, इतरत्र ४२ टक्क्यांना. औषधं कमी होऊनही रहिवाशांची अस्वस्थता इतर गृहांपेक्षा वाढलेली नव्हती.