पॅरालिम्पिकमधील फिजी

दक्षिण प्रशांत महासागरातील फिजी या द्वीपराष्ट्राचा पॅरालिम्पिक स्पर्धांमधील सहभाग १९६४ सालापासूनचा आहे. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकपर्यंत फिजीच्या नावावर एकच पदक जमा आहे, आणि ते सुवर्णपदक आहे. २०१२ साली लंडनमध्ये इलिएसा डेलाना यांनी उंच उडीत ते मिळवले. ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक अशा दोन्ही स्पर्धा धरल्या, तरी फिजीच्या वाट्याला आलेले ते पहिलेच पदक होते.

फिजीत तीनशेहून अधिक बेटे आहेत, मात्र वस्ती त्यांतल्या सुमारे शंभरांवरच आहे. क्षेत्रफळाने हा देश आपल्या पुणे जिल्ह्याहून थोडा मोठा, पण लोकसंख्या सुमारे नऊ लाख, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. राजधानी सुवा. १८७९ ते १९१६ या काळात इंग्रजांनी उसाच्या मळ्यांसाठी करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचे, म्हणजे गिरमिटियांचे, वंशज आजही तिथे मोठ्या संख्येने आहेत आणि फिजी हिंदी बोलतात. फिजीच्या मूळ भाषेत रोमन लिपीतल्या ‘डी’चा उच्चार ‘न्द’ असा होतो. त्यामुळे या खेळाडूचे आडनाव खरे तर ‘न्देलाना’च्या जवळ जाते. इथे वाचकांच्या सोयीसाठी ‘डेलाना’ असे लिहिले आहे.

फिजीचा पहिला सहभाग १९६४ च्या टोकियो पॅरालिम्पिकमधला. त्या वेळी जेमतेम २१ देश उतरले होते आणि स्पर्धा मुख्यतः चाकाच्या खुर्चीवरील खेळाडूंसाठी असायची. नुकत्या सुरू झालेल्या या चळवळीत, ब्रिटिश वसाहत असतानाच, फिजीचे नाव नोंदले गेले, हे विशेष. पुढे मात्र हा सहभाग सलग राहिला नाही. पथकेही बहुधा लहान असत.

लंडनचे पथकही असेच होते. १६४ देशांच्या चार हजारांहून अधिक खेळाडूंमध्ये फिजीकडून एकटे डेलाना होते. तीन वर्षांचे असताना बसच्या अपघातात त्यांचा डावा पाय गेला. ३ सप्टेंबर २०१२ रोजी ते एफ-४२ वर्गाच्या उंच उडीत उतरले. त्या वेळच्या वर्गीकरणानुसार हा वर्ग एक पाय गुडघ्याच्या वरून गमावलेल्या किंवा तेवढेच अपंगत्व असलेल्या खेळाडूंचा होता.

या वर्गात कृत्रिम पाय लावून धावायचे की नाही, हे खेळाडूने ठरवायचे असते. डेलाना कृत्रिम पाय न लावता उडी मारत. त्यांची धाव म्हणजे एका पायावरची लंगडी. आपल्याकडे अंगणात लंगडी खेळलेल्या कुणालाही पाच-सात पावलांत पोटरी कशी भरून येते ते ठाऊक असते. दोन पायांवर धावणाऱ्याचा एक पाय जमिनीवर असतो तेव्हा दुसरा हवेत मोकळा होतो. इथे ती उसंतच नाही. धावेतल्या प्रत्येक पावलाचा भार त्याच घोट्यावर आणि त्याच गुडघ्यावर पडतो आणि शेवटी उसळीही त्याच पायाने घ्यायची असते. शिवाय हवेत झोका देऊन शरीर वर खेचायला दुसरा पायही नसतो. अशा धावेनंतर डेलाना यांनी १.७४ मीटरची दांडी ओलांडली. बहुतेकांच्या डोक्याहूनही ती उंच भरेल.

त्या दिवशी आणखी दोघांनी तेवढीच उडी मारली. एक होते पोलंडचे लुकाश मामचाश आणि दुसरे कर्नाटकातल्या हासन जिल्ह्याचे गिरीशा नागराजेगौडा. तिघेही १.७४ मीटरवर बरोबरीत. अशा वेळी आधी त्या उंचीवर कुणाचे प्रयत्न कमी फसले ते पाहतात. तिथेही बरोबरी असेल, तर पूर्ण स्पर्धेतले फसलेले प्रयत्न मोजतात. या मोजणीत डेलाना पहिले, गिरीशा दुसरे आणि मामचाश तिसरे ठरले. गिरीशा यांचे रौप्यपदक हे लंडन पॅरालिम्पिकमधले भारताचे एकमेव पदक, आणि पुढे २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भारताच्या पदकांच्या यादीत ‘लंडन २०१२, रौप्य’ अशी जी एक ओळ दिसते, तिच्या वरच्या पायरीवर फिजीचा हा एकटा खेळाडू उभा होता.

फिजीची जगाला ओळख आहे ती रग्बीमुळे. सात जणांच्या रग्बीत फिजीने रिओ येथे २०१६ साली अंतिम सामन्यात ब्रिटनला ४३–७ असे हरवले आणि देशाचे पहिले ऑलिम्पिक पदक मिळवले. त्या विजयाच्या बातम्यांत अनेक ठिकाणी ‘फिजीचे पहिले पदक’ असे सरसकट लिहिले गेले. ‘ऑलिम्पिकमधले’ हा शब्द गाळला की चार वर्षांपूर्वीचे डेलाना पुसले जातात. मराठी वाचकाला ही चूक नवी वाटू नये. सांगली जिल्ह्यातील पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण जिंकले होते. तरीही २००८ साली अभिनव बिंद्रा यांचे सुवर्ण आले, तेव्हा ‘भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्ण’ म्हणताना पेटकरांचे नाव फारच थोड्यांच्या ओठांवर होते. फिजीने मात्र आपल्या खेळाडूची आठवण लौकर जपली. तिथल्या रिझर्व्ह बँकेने डेलाना यांच्या सन्मानार्थ ५० सेंटचे नाणे काढले. २०१४ च्या निवडणुकीनंतर ते संसदेत गेले आणि युवक व क्रीडा खात्याचे सहायक मंत्री झाले.

छोट्या देशाच्या दिव्यांग खेळाडूची खरी कसोटी मैदानात उतरण्याआधीच सुरू होते. पहिला अडथळा वर्गीकरणाचा. आंतरराष्ट्रीय मान्यता असलेल्या वर्गीकरण पथकाने तपासून वर्ग ठरवून दिल्याशिवाय खेळाडूला पॅरालिम्पिकमध्ये उतरता येत नाही. अशी पथके मोठ्या स्पर्धांच्या ठिकाणी असतात. सुव्यातल्या खेळाडूला नुसत्या तपासणीसाठी समुद्र ओलांडून जावे लागते आणि त्याबरोबर प्रशिक्षकाचाही खर्च येतो. पात्रतेची कामगिरीही मान्यताप्राप्त स्पर्धेतच व्हावी लागते. घरच्या मैदानावर कितीही उंच उडी मारली, तरी ती त्या हिशेबात धरली जात नाही.

या अडचणीवर पॅरालिम्पिक चळवळीने निमंत्रित जागांचा मार्ग काढला आहे. नेहमीच्या पात्रता फेऱ्यांतून ज्यांना येता आले नाही, अशांसाठी काही जागा राखून ठेवतात आणि त्या देशाची पॅरालिम्पिक समिती त्यासाठी अर्ज करते. एक-दोन खेळाडूंची कित्येक पथके याच वाटेने येतात. ‘उपकाराची जागा’ असे तिच्याकडे पाहणे चुकीचे आहे. ज्याला चार वर्षांत एखादीच परदेशी स्पर्धा मिळते आणि ज्याला प्रत्येक महिन्यात मिळते, त्या दोघांना एकच गाळणी लावली तर गाळणीतून देशाचा पैसाच मोजला जातो.

फिजीच्या बाबतीत राजकारणानेही वाट अडवली. २००६ सालच्या लष्करी बंडानंतर निवडणुका लांबत गेल्या, तेव्हा २००९ साली राष्ट्रकुलाने फिजीला निलंबित केले. त्यामुळे २०१० च्या दिल्लीतील आणि २०१४ च्या ग्लासगोतील राष्ट्रकुल स्पर्धांना फिजीला मुकावे लागले. राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये २००२ च्या मँचेस्टरपासून दिव्यांग खेळाडूंच्या स्पर्धा मुख्य कार्यक्रमातच होतात आणि त्यांची पदके देशाच्या एकूण पदकांत धरली जातात. तो दरवाजा नेमका डेलाना यांच्या उमेदीच्या वर्षांत बंद होता.

अंतराचा प्रश्न कोविडच्या काळात सगळ्यात तीव्र झाला. २०२१ साली भरलेल्या टोकियो पॅरालिम्पिकला किरिबाटी, सामोआ, टोंगा आणि वानुआटू या शेजारी देशांना प्रवासावरील निर्बंधांमुळे जाता आले नाही. वर्षानुवर्षे केलेली तयारी विमानाच्या मार्गावर अडली. फिजीचे खेळाडू मात्र त्या स्पर्धेत उतरले.

प्रशांत महासागरातल्या बेटांवर मधुमेहामुळे पाय कापावा लागणाऱ्यांचे प्रमाण मोठे आहे आणि फिजीही त्याला अपवाद नाही. त्यामुळे ऐन तारुण्यात किंवा चाळिशीनंतर अपंगत्व आलेली माणसे खेळाकडे वळताना दिसतात. त्यांच्यासाठी बसून गोळा, थाळी किंवा भाला फेकण्याचे प्रकार सोयीचे ठरतात. पक्की चौकट, ती जमिनीला बांधायला साखळ्या आणि थोडी मोकळी जागा एवढ्यावर सराव होतो. टेबल टेनिसलाही फारशी जागा लागत नाही. याउलट शर्यतीची चाकाची खुर्ची किंवा धावण्याचा कृत्रिम पाय परदेशातून मागवावा लागतो आणि समुद्राच्या खाऱ्या हवेत गंजलेला भाग बदलायचा म्हटले, तरी पुन्हा बोटीची किंवा विमानाची वाट पाहावी लागते.